स्पिरिटने पुसलेलं बोट

मी खाल्लं नव्हतं. आधीच सांगून टाकते. गेल्या महिनाभरात हे वाक्य इतक्यांदा बोललेय की पोटातल्या बाळालासुद्धा पाठ झालं असेल.

मी बिस्किटांच्या कारखान्यात पिठीसाखर चाळते. साखर चाळायची, गरम बिस्किटांवर भुरभुरायची, ट्रे पुढे ढकलायचा. आमच्या खोलीत पाण्याला बंदी आहे. थेंब उडाला तरी साखरेचे गोळे होतात, म्हणून नळच ठेवलेला नाही. भिंतीवरच्या बाटलीतलं स्पिरिट हातावर मारायचं, कापडाने पुसायचं, झाले हात साफ. सात वर्षं आम्ही सगळ्या ह्यालाच हात धुणं म्हणत आलो.

सहाव्या महिन्यात गरोदरपणातला मधुमेह निघाला. दवाखान्यातल्या सिस्टरने साखर मोजायचं यंत्र दिलं. म्हणाली, "हात साफ करून बोट टोचायचं, जेवल्यावर दोन तासांनी. आकडा एकशेवीसच्या आत हवा." दुपारचा आकडा कामावरच घ्यावा लागणार होता. नळ कपडे बदलायच्या खोलीच्याही पलीकडे. तिथे जायचं तर टोपी काढा, कोट काढा, बूट काढा, परत चढवा. आमच्या सुपरवायझरला, सारखी मिनिटं मोजतो म्हणून, आम्ही 'घड्याळ' म्हणतो. तो म्हणाला, "टेबलापाशीच टोच की! मी कुठे नाही म्हणतोय?" केवढे उपकार! मी स्पिरिट मारलं, पुसलं, टोचलं. एकशे एक्क्याऐंशी.

भात सोडला, बटाटा सोडला. डब्यात भाजी, डाळ, दीड पोळी. दुसऱ्या दिवशी दोनशे चार. घरी मात्र सकाळ-रात्रीचे आकडे शहाण्यासारखे, रविवारचे तर पाहायलाच नको.

"रविवारी तू घरात असतेस ना," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या डोळ्यांसमोर खायची टाप नाही तुझी. तिकडे बिस्किटांच्या राशीत बसतेस, जीभ कुठली आवरायला?"

"आई, एक तुकडा नाही खाल्ला. पोटातल्या बाळाची शपथ."

"बाळाची शपथ घेतेस? लाज वाटते का?"

त्या दिवसापासून मी कामावरून आले की त्या दारातच उभ्या. पर्स उघडायच्या, डबा हुंगायच्या, आणि मग म्हणायच्या, "तोंड उघड." मी, बत्तीस वर्षांची बाई, उंबऱ्यात तोंड उघडून उभी! आणि त्या वास घ्यायच्या. नवरा बुटांच्या नाड्या सोडत बसायचा. त्या नाड्या सुटायला किती वेळ लागायचा काय सांगू. एकदा त्याला विचारलं, "तुझा तरी विश्वास आहे ना?" म्हणाला, "यंत्र कशाला खोटं बोलेल?" म्हणजे मी खोटी. प्लॅस्टिकच्या डबडीवर विश्वास, बायकोवर नाही.

डॉक्टरीणबाईंनीही चष्म्यावरून पाहिलं. "तुमच्या जिभेपायी बाळाला त्रास होईल हं." आणि दुपारच्या जेवणाआधी इन्सुलिन लावलं. आकडा उतरेना, म्हणून वाढवलं. परत वाढवलं. मी मुकाट्याने टोचत राहिले. बाळासाठी विषही टोचून घेतलं असतं.

मग तो मंगळवार. जेवून दीडएक तास झाला असेल. हात लटपटायला लागले, कपाळावरून घामाच्या धारा, समोरचे ट्रे दोनाचे चार दिसायला लागले. चाळण हातातून पडली. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण धावली, माझ्या बोटाला स्पिरिट लावून टोचलं. एकशे शहात्तर.

"साखर द्या मला," मी म्हणाले. जीभ जड झाली होती.

"खबरदार!" घड्याळ ओरडलं. "आधीच वाढलीय हिची. मारायचंय का?"

आजूबाजूला साखरेची पोती, माझ्या पापण्यांवर साखर, आणि मला चमचाभर कोणी देईना! मी भिंतीला टेकून घसरले. पोटात बाळ हलतंय का ते कळत नव्हतं. मी पोटावर हात दाबून धरला आणि मनात एकच, हल रे बाबा, हल.

आरडाओरडा ऐकून ट्रे धुणारी मावशी आली. कोपरापर्यंत ओली. तिने माझा हात धरला आणि दचकून सोडला. "अगं बाई! चिकचिकाट आहे नुसता. हिच्या बोटालाच साखर आहे, मग ते यंत्र मोजतंय कुणाची?"

ती बादली घेऊन आली.

"पाणी आत आणायचं नाही!" घड्याळ आडवं आलं.

"सरक, नाहीतर तुझ्याच डोक्यावर ओतीन."

तिने माझा हात बादलीत बुडवला, खसाखसा चोळला, पदराने कोरडा केला. मैत्रिणीने परत टोचलं. एकोणपन्नास. घड्याळाचं तोंड वासलेलंच राहिलं. मावशीने बादलीतल्या पाण्यात पिठीसाखर कालवली आणि तेच मला पाजलं.

दवाखान्यात बाळाचे ठोके नीट लागले, तेव्हा मी रडले. डॉक्टरीणबाईंनी माझ्या आकड्यांची वही चाळली आणि म्हणाल्या, "हात पाण्याने धुवायचे असतात, स्पिरिटने साखर निघत नाही, एवढंही कळत नाही?" माफी नाही, काही नाही. इन्सुलिन मात्र बंद केलं.

घरी सासूबाई म्हणाल्या, "जाऊ दे आता. झालं गेलं गंगेला मिळालं."

गंगेला? रात्र काढली. सकाळी उठल्याबरोबर पिठीसाखरेचा डबा काढला, स्पिरिट काढलं, यंत्र काढलं. "आई, जरा बसा. तुमचीही साखर बघू." त्या कौतुकाने बसल्या. मी त्यांचं बोट साखरेत बुडवलं, वर स्पिरिट मारलं, कापडाने पुसलं. बोट चकचकीत. टोचलं. नवरा दारात बूट घालत होता, त्याला म्हटलं, "ये, वाच."

"दोनशे... दोनशे बारा," तो म्हणाला.

"काय खाल्लंत चोरून?" मी विचारलं.

"अगं, आत्ता उठलेय मी!" त्यांचा आवाज चिरकला. "चहासुद्धा पोटात नाही. पोटच्या पोराची शपथ!"

मी खुर्ची पुढे ओढली आणि त्यांच्या तोंडाशी वाकले.

"तोंड उघडा, आई."