नीट चालणाऱ्या थर्मोस्टॅटचे गाऱ्हाणे

मित्रांनो, माझे गाऱ्हाणे ऐकायला कोणी थांबत नाही. तुम्ही थांबलात, म्हणून सांगतो. मी एका कॅम्परव्हॅनमधला जुना थर्मोस्टॅट. कॅम्परव्हॅन म्हणजे आत झोपायला बिछाना, छोटा ओटा आणि संडास असलेली मोठी गाडी. आतली हवा किती तापली हे ओळखायचे आणि तसा कधी एसी, कधी हीटर चालू-बंद करायचा, एवढेच माझे काम. कारखान्यात माझी परीक्षा झाली तेव्हा मी अर्ध्या अंशानेही चुकलो नव्हतो.

घोडबंदर रोडवरच्या उंच इमारतीत राहणाऱ्या केदारने आमची गाडी घेतली. त्याची आई नीलाताई. डोंबिवलीच्या शाळेत विज्ञान शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. खुब्याच्या ऑपरेशनमुळे त्यांना फार वेळ बसवत नसे आणि उकाड्यात धाप लागे. धाकटी बहीण हेमांगी बेळगावला अंथरुणाला खिळलेली. तिला भेटायचे, ही त्यांची एकच इच्छा होती.

"आई, आता तू बेळगावपर्यंत आडवी पडून जाशील, एसीत," केदार म्हणाला. नीलाताईंनी गाडीतूनच बहिणीला फोन लावला. "हेमा, येतेय गं मी!"

मे महिन्यात आम्ही निघालो. घोडबंदर रोडवरच वाहने तुंबली आणि पाहता पाहता गार वारा थांबला. नीलाताईंना दम लागला. केदारने माझी बटणे खडाखडा दाबली. "हा थर्मोस्टॅटच भंगार आहे!" असे म्हणून त्याने गाडी मागे वळवली.

दुसऱ्या दिवशी नीलाताई काठी टेकत गाडीत आल्या. सोबत सून वल्लरी होती. त्यांनी एसीची झाकणी उघडायला लावली, घरून आणलेला तापमापक माझ्याशेजारी टांगला आणि बराच वेळ निरखत बसल्या.

"हे बघ, जाळी धुळीने बुजलीये. आणि खिडकीतलं ऊन थेट याच्या अंगावर येतंय. याला वाटतं अजून उकडतंय, म्हणून एसी थांबतच नाही. मग आतल्या नळ्यांवर बर्फ साचतो आणि वारा बंद."

"म्हणजे हा बिघडला नाहीये?" वल्लरीने विचारले.

"छे गं! याला जे जाणवलं ते यानं सांगितलं."

दोघींनी जाळी धुतली, खिडकीला जाड पडदा लावला. मग दुपारभर एसी चालवून पाहिला. तापमापकाचा आणि माझा आकडा एकच होता. मला खूप बरे वाटले. आयुष्यात माझे कौतुक झाले ते तेवढेच.

"केदार, गाडी झाली नीट. कधी निघायचं?"

"बघू आई. त्या थर्मोस्टॅटचा काही भरवसा नाही. घाटात बंद पडला म्हणजे? आधी मेकॅनिकला दाखवतो."

त्याने कोणाला दाखवले नाही. आजारी आईला घेऊन एवढा पल्ला गाठायचा त्याला कंटाळा आला होता. तसे त्याने सांगितले असते, तर नीलाताईंना वाईट वाटले असते, पण त्यांनी दुसरी सोय केली असती. हेमांगीचा मुलगा संदेश त्यांना गाडीने न्यायला यायला तयार होता. "कशाला रे? मेकॅनिकने आमची गाडी पाहिली की निघतोच आम्ही," म्हणून त्यांनीच त्याला थांबवले. त्या माझी वाट पाहत होत्या, आणि मी तर केव्हाचा तयार होतो.

जुलैत केदार मित्रांना घेऊन इगतपुरीला गेला. सगळ्या वाटेवर मी गाडी गार ठेवली. पहाटे थंडी वाजली तेव्हा ऊबही दिली. सम्यक नावाचा मित्र म्हणाला, "भारी आहे रे तुझी गाडी!" केदार हसला. "सगळं ऑटोमॅटिक आहे."

परत आल्यावर तो सामान उतरवत होता. नीलाताई दारापाशी आल्या.

"इगतपुरीला चालला ना रे एसी?"

"आई, इगतपुरी आणि बेळगाव एक आहे का?"

त्या काठी टेकत घराकडे वळल्या. मला मात्र ओरडावेसे वाटले. पण मला आवाज नाही, नुसता आकडा आहे.

गणपती झाले आणि बेळगावहून फोन आला. हेमांगी गेली.

तेराव्याला जायला केदारने लगेच सुट्टी काढली. नीलाताई गाडीत आडव्या पडल्या होत्या. माजिवड्याच्या गॅरेजपाशी त्याने गाडी थांबवली आणि मेकॅनिकला, गोविंदाला, आत बोलावले. "हा थर्मोस्टॅट काढ. नवीन टाक."

गोविंदाने मला तपासले. "साहेब, एकदम ओके आहे हा. कशाला काढताय?"

तेवढ्यात नीलाताई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "काढ बाबा. माझ्या मुलाला तो बिघडलेलाच हवाय."

गोविंदाने माझे स्क्रू सोडवले. माझ्या जागी नवा चकचकीत थर्मोस्टॅट बसला आणि गाडी बेळगावला निघून गेली.

मित्रांनो, आमच्या जाळ्या धूत जा, आम्हाला उन्हापासून जपा. एवढे केलेत तर आम्ही वर्षानुवर्षे तुमची सेवा करू. पण कोणाकडे जायचे मन नसेल, तर तसे तोंडाने सांगा. माणूस रुसेल, रडेल आणि आपली वाट शोधेल. आमचे नाव पुढे करून त्याला ताटकळत ठेवू नका. आमच्यातला बिघाड शोधला तर सापडतो; माणसाच्या मनातले मात्र सांगितल्याशिवाय कळत नाही.