कुंदाबाईंचा एक तास

जळगावच्या मेहरूण भागातल्या नथ्थू पाटलांच्या घरात सकाळपासून एकच शब्द ऐकू येई : पाहिजे. मुलांना डबा पाहिजे, सासूबाईंना चहा पाहिजे, नथ्थूभाऊंना कचेरीत जायला इस्त्रीचा शर्ट पाहिजे. कुंदाबाई सगळ्यांचं करत. सतरा वर्षांत त्यांनी स्वतःसाठी तो शब्द कधी उच्चारला नव्हता.

१९९१च्या दिवाळीनंतर एकदा जेवताना त्या म्हणाल्या, "माले रोज दुपारना एक तास जोयजे."

त्या दोंडाईच्याच्या. फार मनातलं बोलताना माहेरची बोली तोंडात येई, आणि 'पाहिजे'चं 'जोयजे' होई.

"कशाला?" नथ्थूभाऊंनी विचारलं.

"जोयजे," त्या एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून हे सुरू झालं. तीनला त्या बाहेर पडत, चारला परतत. हातात काही नसे, चपला मात्र मातीने भरलेल्या. नथ्थूभाऊंनी पानवाल्याला विचारलं, रिक्षावाल्याला विचारलं. गल्लीत कुजबुज सुरू झाली. शेवटी त्यांनी मेहुण्याला, रुपचंदला, पत्र टाकलं : 'तुमच्या बहिणीचं लक्षण ठीक दिसत नाही.'

एके दिवशी अर्धी रजा टाकून ते बायकोच्या मागे गेले. कुंदाबाई तलावाच्या काठावर एका बाभळीखाली जाऊन बसल्या. अर्धा तास झाला. कोणीच आलं नाही.

"भाऊ, कोणाची वाट पाहताय?" त्यांच्या मागोमाग आलेल्या, घरासमोर राहणाऱ्या बेबाअक्कांनी विचारलं. त्या निवृत्त शिक्षिका.

"कोण येतं ते बघतोय."

"कोणी येत नाही. तुमचं ऐकून मीही चार दिवस पाळत ठेवली. लाज वाटते मला."

"मग तिनं कारण का सांगितलं नाही?"

"तुम्ही पत्ते कुटायला जाता, तेव्हा कारण सांगता का? तुम्हाला काही पाहिजे असलं तर ती गरज, पोराला पाहिजे असलं तर हट्ट, आणि बाईला पाहिजे असलं की लगेच संशय?"

नथ्थूभाऊ काठावर गेले. त्यांना पाहताच कुंदाबाई गडबडीने उठल्या. "काय झालं? घरी काही पाहिजे का?"

"काही नको. बस तू," ते म्हणाले, आणि पत्राचं सांगून टाकलं.

कुंदाबाई म्हणाल्या, "दादाला काय वाटलं असेल?"

त्याच संध्याकाळी नथ्थूभाऊंनी रुपचंदला माफीचं दुसरं पत्र लिहिलं. पानवाल्याला जाऊन सांगितलं, चूक माझी होती. तरी कुंदाबाई आठ दिवस त्यांच्याशी धड बोलल्या नाहीत. मात्र तीन वाजले की आता सासूबाईच म्हणत, "जा गं, चहाचं मी बघते."

वाचकहो, आपल्याही घरात 'मला पाहिजे' कधीच न म्हणणारं एखादं माणूस असेल. ते कधी तसं म्हणालं, तर 'कशाला?' असं विचारू नका. आधी त्याला ते मिळू द्या.