पुस्तकातला नर

"मादी," मोतीराम म्हणाला.

पडद्यावरचा पक्षी कोंबड्याएवढा दिसत होता. विटकरी मान, डोळ्याभोवती पांढरं कडं, मागे हिरवं गवत. यादव सरांनी रिमोट टेबलावर ठेवला आणि ते दया आल्यासारखं हसले.

"मोतीराम, घाई करू नकोस. किती रंगीत आहे बघ. मोर रंगीत असतो की लांडोर?"

"मोर."

"मग?"

"मोराचं मोरापाशी, साहेब. ही पानलाव्याची मादी हे. नर असा मातकट अस्तो. आंड्यावर तोच बसतो, पिलं तोच फिरवतो. ही आंडी घालती आन् निघून जाती."

हॉलमधले बाकीचे उमेदवार खी खी करून हसले. मी कोपऱ्यात मार्कांचा तक्ता घेऊन बसलो होतो. सर हसले म्हणून मीही हसलो. या नोकरीत ती सवय लागते.

"पुस्तकात काय लिहिलंय?" सरांनी विचारलं.

"पुस्तकात चुकलंय, साहेब."

हसणारे सगळे सरांकडे बघायला लागले. पुस्तक सरांचंच होतं.

मी पंखमित्र मंडळाचा पगारी सहायक. मंडळाचं ऑफिस कॉलेज रोडला, एका जिमच्या वर. आमचे सभासद म्हणजे डॉक्टर, सीए, द्राक्षांचे एक्स्पोर्टर. सगळ्यांच्या अंगात बावीस खिशांची जाकिटं, आणि एकाही खिशात पेन्सिल नाही. पक्षी दिसला की हे त्याच्याकडे बघत नाहीत. आधी धडाधड फोटो काढतात, मग कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो मोठा करतात आणि मग विचारतात, "मोतीराम, हे काय होतं रे?" तोवर पक्षी सिन्नरला पोचलेला असतो.

यादव सर अध्यक्ष. धंदा बिल्डरचा. ज्या मळ्यांमधले पक्षी त्यांनी हाकलले, त्यांचीच नावं त्यांनी तिथल्या इमारतींना दिली आहेत. मी स्वतः 'सुगरण रेसिडेन्सी'मध्ये भाड्याने राहतो. तिथे कबुतराशिवाय काही येत नाही. तीन वर्षांपूर्वी सरांनी तोफेएवढी लेन्स घेतली आणि यंदा दोनशे फोटोंचं पुस्तक काढलं: 'पाणथळीचे पक्षी, सचित्र ओळख'. त्या दोनशेतला एकेक पक्षी मोतीरामने त्यांना बोट करून दाखवलेला आहे. 'ऋणनिर्देश' या पानावर लेन्सच्या दुकानदाराचे आभार आहेत, सरांच्या मेहुणीचे आहेत. मोतीराम तिथे 'एक स्थानिक नावाडी' म्हणून आहे. नाव नाही.

धरणाच्या फुगवट्यावर यंदापासून नियम झाला होता. कार्ड असलेल्या गाईडनेच पर्यटकांना होडीतून न्यायचं. परीक्षा घ्यायचं काम मंडळाकडे आलं. तीस फोटो, पंचवीस बरोबर तर कार्ड. मोतीराम वीसेक वर्षं तिथे होडी चालवत होता, पण पाच पक्ष्यांची पुस्तकी नावं त्याला आली नाहीत. त्याच्याकडे त्यांची स्वतःची नावं होती, आणि ती ऐकली की पक्षी डोळ्यांसमोर उभा राहायचा. पण तक्त्यात तसा रकाना नव्हता. पाणलावा धरून सहा चुकले. चोवीस मार्क. नापास.

आदल्या महिन्यात पुस्तक घोकून आलेले दोघं मात्र पास झाले. त्यातल्या एकाने बाहेर आल्यावर मला विचारलं होतं, पाणकावळा म्हणजे आपला साधा कावळाच ना, फक्त ओला?

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी कपाटातलं जुनं पुस्तक काढलं. फोटोंचं नाही, हाताने काढलेल्या चित्रांचं. पाणलाव्याच्या चित्राखाली स्वच्छ लिहिलं होतं की या जातीत मादी रंगीत आणि नर फिका, आणि अंडी नर उबवतो. मी ते पान दुसऱ्या दिवशी सरांपुढे ठेवलं. मला वाटलं, खजील होतील.

सरांनी ते दोनदा वाचलं. मग पुस्तक मिटून माझ्याकडे सरकवलं.

"हजार प्रती छापून झाल्यात, दीपक. पुढच्या आवृत्तीत बघू."

"पण सर, मोतीरामचा तो एक मार्क..."

"परीक्षा पुस्तकावर आहे. त्याला मार्क दिला तर पुस्तक चूक ठरतं, आणि पास झालेल्यांनी नर सांगितलंय त्यांचं काय?" मग म्हणाले, "पण तो हवाय मला. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पाहुणे आणतोय पुण्याहून, खास पाणलाव्यासाठी. त्या दोन नवीन पोरांना बदकसुद्धा सापडायचं नाही. तू जा गावाला. फेरपरीक्षेचा कागद ने. एकच प्रश्न. नर लिहून घे, सही घे, संपलं."

म्हणजे यांना सगळं कळत होतं. मला त्या माणसाची किळस आली. तरी मी कागद प्रिंट केला, दोन प्रतींत.

मोतीरामच्या घरी पोचलो तेव्हा तो भाकरी थापत होता. त्याची बायको भिमाबाई द्राक्षाच्या बागांमध्ये कामाला जाते, सकाळीच तिची जीप येते. घर तीच चालवते. त्यावरून गावातली माणसं मोतीरामला काय काय बोलतात हे मी ऐकून होतो. त्या दिवशी ती घरीच होती, हाताला पट्टी होती.

मी कागद पुढे केला आणि कसंबसं सांगितलं. भिमाबाई आधी ऐकत राहिली.

"म्हंजी यांचंच बरोबर हे?"

"हो."

"आन् तुमच्या सायबालाबी म्हाईत हे?"

"हो."

"मंग त्यांना नापास करा की!" ती म्हणाली. "आमच्या मान्साला कामून खोटं लिवाया लावता? तुमी शिकलेली मान्सं. आंड्यावर बसलेला पक्षी बगितलाय का कधी?"

मी नाही म्हणालो. खरंच बघितला नव्हता. सात वर्षं पक्ष्यांच्या मंडळात नोकरी करून.

"चला," मोतीराम म्हणाला. भाकरी झाकून ठेवून तो उठला.

होडी त्याने गवताच्या कडेकडेने नेली. बांबू पाण्यात टाकताना आवाज होत नव्हता. एका ठिकाणी थांबून त्याने मला बसायची खूण केली आणि बोट दाखवलं. मला गवतच दिसलं. बराच वेळ गवतच दिसलं. मग त्या गवतात एक डोळा दिसला, डोळ्याभोवती फिकट कडं, आणि हळूहळू अख्खा पक्षी दिसायला लागला. मातकट, अंगावर सोनेरी ठिपके. तो अंड्यांवर बसला होता आणि आमच्याकडे बघत होता. उडाला नाही.

"ह्यो बाप," मोतीराम कुजबुजला. "धा दिस झाले. मधी पाऊस लागला तर हाल्ला नाय. ती तिकडं दुसरीकडं बसलीया घरटं मांडून, दुसऱ्यासंगं. तिची रीत हे ती. आपुन नावं ठेवायची नाय." मग म्हणाला, "आमची भिमा म्हनती, तुमच्यावानीच पक्षी हे बगा. दिसभर घरात."

तो हसला. मला हसू आलं नाही. माझ्या खिशात तो कागद होता.

परत येताना तो पाण्याकडे बघत म्हणाला, "कार्ड नसलं तं होडी बंद?"

"बंद."

"दुसरं मला काय येत नाय, दीपकराव. बागेत सल्फर मारलं का दम लागतो."

काठावर होडी बांधून त्याने माझ्याकडून पेन घेतलं. त्याला लिहायला वेळ लागतो. 'नर' ही दोन अक्षरं त्याने गुडघ्यावर कागद ठेवून काढली, खाली सही केली.

"घ्या," म्हणाला. "पक्षी थोडेच वाचनार हेत."

मी कागद घडी करून बॅगेत ठेवला.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पहाटे पाच गाड्या काठावर येऊन लागल्या. पुण्याहून आलेले सहा पाहुणे, सहा तोफा. बाया अत्तर लावून आल्या होत्या. एकाने ड्रोन आणला होता, तो नको म्हटल्यावर रुसला. सरांनी प्रत्येकाच्या हातात पुस्तक दिलं, सही करून. मग सगळ्यांसमोर मोतीरामच्या गळ्यात कार्ड घातलं आणि फोटो काढला. फोटोत सर लेन्सकडे बघत होते, मोतीराम त्यांच्या बुटांकडे.

"आमचा मोतीराम," सर पाहुण्यांना म्हणाले. "आधी नापास झाला होता. पण आम्ही तयारी करून घेतली."

पहिल्या होडीत सर, तीन पाहुणे आणि मी. मोतीरामने त्यांना जांभळी पाणकोंबडी दाखवली, शेकाट्या दाखवला, कमळपक्षी दाखवला. प्रत्येक वेळी कॅमेरे खडखडायचे आणि मग पुस्तकातलं पान शोधलं जायचं. पान सापडलं की त्यांना पक्षी बघितल्याचा आनंद व्हायचा.

"आता पाणलावा," सर म्हणाले. "नर दाखव. पान एकशे बारावरचा."

मोतीरामने होडी वळवली. त्याच गवताच्या कडेला आम्ही गेलो. एकदा बघायला शिकल्यामुळे मला या वेळी लगेच दिसलं. तो मातकट पक्षी गवताबाहेर, चिखलावर उभा होता, उघड्यावर, होडीपासून पंधरा पावलांवर. त्याच्या पायांशी चार पिलं होती, कापसाच्या बोंडाएवढी. एक चिखलात अडखळलं, पुन्हा उठलं. बाप थांबला. ते आल्यावर पुढे चालू लागला.

मी मोतीरामकडे बघितलं. त्याची नजर सरळ त्या पिलांवर होती.

"काय रे? कुठे आहे?" सर दुसऱ्या बाजूला लेन्स फिरवत होते.

"दिसत नाय, साहेब."

"नाही? तू तर म्हणालास इथेच असतो!"

"अस्तो. आज नाय."

"नीट बघ ना. पाहुणे पुण्याहून आलेत."

मोतीरामने कपाळावर हात धरून दूरवर बघितल्यासारखं केलं, पिलांच्या थेट विरुद्ध दिशेला. पाहुण्यांतल्या एका बाईंनी पुस्तक मिटलं. सर चिडले. मराठीतून चिडायचं टाळून ते पाहुण्यांना इंग्रजीत म्हणाले की कार्ड मिळालं की हे लोक आळशी होतात. मोतीरामला इंग्रजी येत नाही, पण एवढं कळायला इंग्रजी लागत नाही.

"डोळं गेलं, साहेब," तो म्हणाला. "वय झालं आता."

मी एक शब्द बोलू शकलो असतो. नुसतं बोट केलं असतं तरी पुरलं असतं, आणि सरांनी माझी पाठ थोपटली असती. पण जन्मात पहिल्यांदा मला गप्प बसल्याची लाज वाटली नाही.

मोतीरामने बांबू चिखलात टेकवला आणि जोर लावून होडी मागे घेतली, हळूच, लाट उठणार नाही अशी.