पट्ट्याआधीचा मध

सटाक! पट्टेबाबाचा पट्टा पोरीच्या पाठीवर उतरला आणि गोदामातल्या गर्दीनं हात जोडले.

"निघ, अन्नचोरा! फुकटचा भाडेकरू साला!" बाबा गरजला. भुताला शिव्या देताना त्याला दम लागायचा, मारताना नाही.

तापातून उठल्यापासून पोरीनं अन्न टाकलं होतं. लेथवर लोखंड तासणारा तिचा बाप मान खाली घालून उभा होता. पाठ फुटली, रक्त आलं, आणि पोरीनं समोरच्या टोपलीतला पाव दोन्ही हातांनी तोंडात कोंबला. एकच जयजयकार झाला. लेक जेवली, यापलीकडे बापाला काही दिसेना.

दोन दिवसांत पहिले पाढे पंचावन्न. त्यानं घरीच कमरेचा पट्टा काढला. तो बघताच पोरीनं आपणहून पाठ केली.

"मारा ना पप्पा. मग भूक लागते."

त्यानं मारलं. भूक लागेना. हात हलका पडला असेल म्हणून त्यानं आणखी जोरात मारलं. त्याची डॉक्टर बहीण आली तेव्हा पोर जमिनीवर कण्हत होती.

"दादा, माणूस आहेस की कसाई?" तिनं पट्टा हिसकावला.

"तिथं मारलं की जेवते गं!"

"मारायच्या आधी काय देतात?"

"काही नाही. दारात चमचाभर मध. मग तास-दीड तास बसून राहायचं."

बहिणीनं पोरीला उचलून खाटेवर निजवलं. "उद्या पोटभर जेव आणि तो मध तू खा. मी सोबत येते."

दुसऱ्या दिवशी मध खाऊन बाप गर्दीत बसला. हळूहळू त्याचे डोळे लाल झाले. मग तो उठला आणि टोपलीतले पाव अधाशासारखा खात सुटला. बाबानं पट्टा उगारला, तो त्यानं वरच्यावर धरून पिरगळला. बाबाचं मनगट कडाडलं.

"मला कुठलं भूत लागलंय रे? घरून जेवून आलोय मी, पट्ट्याशिवायच भूक लागली!"

चेले तुटून पडले. बापाचं नाक फुटलं, पण हातातला पाव सुटला नाही.

"मधात गांजा आहे!" बहीण ओरडली. चेल्यांचे हात थांबले. "मेंदूत भुकेची कुलपं असतात. शरीर त्यांच्या किल्ल्या स्वतःच बनवतं, गांजाही त्या कुलपांना किल्लीसारखा लागतो. मग कोरडा पावसुद्धा गोड लागतो, आणि त्याआधी जे घडलं ते मेंदू पक्कं लक्षात ठेवतो. तुमची लेकरं मार खायला शिकताहेत!"

पुढच्या रांगेतल्या एका आईनं मधाची बरणी जमिनीवर आपटली.

औषधानं पोर सावकाश जेवू लागली. पण एकदा बापानं कपडे बदलताना पट्टा काढला, आणि तिनं घास खाली ठेवून मुकाट्यानं पाठ पुढे केली. तो ढसाढसा रडला. तेव्हापासून तो पँट सुतळीनं बांधतो. कोणी हसलं तर एवढंच म्हणतो, "चमत्कार दिसला की हात जोडू नका. मारल्याशिवाय काय होतं, ते आधी बघा. मी बघितलं नव्हतं."