थांबायला हवं होतं

डॉक्टरबाई बाळाचे ठोके शोधत होत्या आणि नेमकी तेव्हाच भिंतीवरची स्क्रीन काळी झाली.

बायकोने त्याचा हात इतका आवळला की नखं रुतली. मागच्या खेपेला याच महिन्यात, अशाच टेबलावर, ठोके सापडले नव्हते. "गेलं का?" तिने विचारलं.

काही गेलेलं नाही, डॉक्टरबाई म्हणाल्या, ही स्क्रीनच तशी नाटकी आहे. केबलला जरा धक्का लागला की तीन सेकंद बंद पडते. स्क्रीन आली आणि लगेच पुन्हा गेली.

ते तीन सेकंद त्याच्या ओळखीचे होते. अशा स्क्रीन चालवणारा प्रोग्राम लिहिणं हे त्याचं काम, आणि ऑफिसात त्याला सगळे 'सुसाट' म्हणत. केबल निघाल्याचा इशारा आला तरी लगेच खरा मानायचा नाही, सेकंदाचा दहावा हिस्सा थांबून पुन्हा बघायचं, नाहीतर नुसत्या धक्क्यानेही स्क्रीन बंद होऊन परत यायला तीन सेकंद जातात, अशी जुन्या लोकांची पद्धत होती. सुसाटने ते थांबणं जवळजवळ काढूनच टाकलं. त्याच्या टेबलावरची केबल नवी कोरी, तिला कोण धक्का मारणार? केबल जोडली की स्क्रीन पूर्वीपेक्षा झटपट लागू लागली, साहेबांनी पाठ थोपटली. पुढे कुठल्याशा दवाखान्यातून तक्रार आली तेव्हा 'केबल बदला' एवढं लिहून त्याने ती मिटवली आणि जेवायला गेला.

"तुम्ही तक्रार नाही केली?" त्याने चाचरत विचारलं.

"केली की. केबल बदला म्हणाले. दोनदा बदलली. मागच्या आठवड्यात एक बाई इथेच बेशुद्ध पडली."

त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. "ते उत्तर मी लिहिलं होतं," तो म्हणाला.

बायको त्याच्याकडे बघतच राहिली. डॉक्टरबाई मशीनकडे वळल्या. "ते नंतर बघू. आत्ता काय करायचं ते सांगा."

तो गुडघे टेकून मशीनच्या मागे शिरला आणि केबलचं टोक अंगठ्याने घट्ट दाबून धरलं. तिथून त्याला टेबलाचे पाय आणि डॉक्टरबाईंच्या चपला तेवढ्या दिसत होत्या. वर डॉक्टरबाई पुन्हा ठोके शोधू लागल्या.

मग बायकोचा हुंदका ऐकू आला. "धडधडतंय रे," ती म्हणाली. "तू हलू नकोस."

त्याला बघायचं होतं. पण अंगठा काढला असता तर पुन्हा सगळं काळं झालं असतं. तो तसाच बसून राहिला.