गळतीला घर हवं आहे

"पुढचा," मीटरकाका म्हणाले.

इस्त्रीवालीने इस्त्री उभी करून ठेवली, फोन डोळ्यांजवळ नेला आणि वाचून दाखवलं. नमस्कार, तुमचं गोंडस पिल्लू अजून आहे का, मला लगेच हवं आहे, खाली तीन लाल बदाम.

"पिल्लू. अकरा वर्षांचं पिल्लू. खोड."

तिने खोडलं. दुकानाच्या दारात, काकांच्या पायांवर मान टाकून, ते अकरा वर्षांचं पिल्लू घोरत होतं. त्याचं, म्हणजे तिचं, नाव गळती. लहानपणी दोन महिने घराचा एक कोपरा कोरडा राहू दिला नव्हता तिने, आणि नाव ठेवणारा माणूस पाणीखात्यातला. तीस वर्षं काकांनी शहराच्या एका टोकाचे पाण्याचे मीटर वाचले. घरोघरच्या कुत्र्यांनी पोटऱ्या फाडल्या, दोनदा इंजेक्शनं घ्यावी लागली, आणि तरीही निवृत्तीच्या आधी एका उघड्या चेंबरमध्ये पडलेलं हे ध्यान त्यांनी शर्टात गुंडाळून घरी आणलं होतं.

आता काकांच्या डोळ्यांत बरोबर मध्यभागी एक राखाडी डाग बसला होता. कडेकडेचं दिसायचं, समोरचं पुसून जायचं. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. लेकीने ठरवलं, बाबा आता माझ्याकडे. रविवारी सामान हलणार होतं. पण नातीला दमा. कुत्र्याचा केस नाकाशी गेला तरी पोरगी निळी पडायची. यात कुणाचाच दोष नव्हता, आणि म्हणूनच काकांना राग कुठे आपटावा ते कळत नव्हतं.

रविवारपर्यंत गळतीला घर मिळालं नाही तर काय, याची चौकशी जावयाने करून ठेवली होती. नगरपालिकेचा कोंडवाडा. तिथे आठ दिवस ठेवतात. नवव्या दिवशी काय करतात ते जावई बोलला नाही आणि काकांनी विचारलं नाही. नोकरीत असताना कोंडवाड्याचा मीटरही त्यांच्याच पुस्तकात होता. मागच्या पत्र्याच्या खोलीत काय चालतं ते त्यांना माहीत होतं.

पहिली जाहिरात जावयानेच टाकली होती. देखणी, खेळकर, प्रेमळ कुत्री प्रेमळ कुटुंबाच्या शोधात, आणि वर फोटो सहा वर्षांपूर्वीचा. काकांनी ती काढायला लावली आणि इस्त्रीवालीकडून आपली लिहून घेतली. कुत्री. वय अकरा. उजवा पाय ओढते. कधीमधी घरात मुतते. घोरते. अनोळखी माणसाच्या पायावर बसते. फुकट देणे आहे, पण घर बघितल्याशिवाय नाही.

जावयाने कपाळाला हात लावला. अशी जाहिरात वाचून कोण येणार, असं त्याने विचारलं.

"जो वाचेल तो येईल," काका म्हणाले.

ही त्यांची खात्याच्या नोकरीतली खोड. फाटकातच "या साहेब, बसा साहेब" करत जो पाण्याचा ग्लास पुढे करायचा, त्याच्या मीटरवर हटकून काटा अडवणारं लोहचुंबक सापडायचं. जो दारातच कडाकडा भांडायचा, मागचं बिल चुकलंय म्हणून कागद नाचवायचा, त्याचा मीटर बहुतेक वेळा साफ. खरा माणूस वस्तूबद्दल बोलतो, वेळ खातो, डोकं उठवतो. चोर गोड बोलतो आणि घाई करतो. एवढं ज्ञान काकांनी पायांना फोड आणून मिळवलेलं होतं, आणि मोबाईल आला म्हणून ते शिळं झालेलं नव्हतं.

दोन आठवडे इस्त्रीवालीने कपड्यांच्या गठ्ठ्यांमधून मान वर काढून निरोप वाचले. एकाने सांगितलं की तो परगावी आहे, ड्रायव्हर पाठवतो, फक्त तुमच्या फोनवर येणारा आकडा कळवा म्हणजे तुम्ही खरे आहात हे कळेल. मी खरा आहे की नाही हे याला कळायला हवं, काका म्हणाले, आणि हा कोण आहे ते देवाला ठाऊक. एकाने काहीही विचारायच्या आधी पिल्लं होतात का ते विचारलं. त्याला काकांनी अशी शिवी हासडली की इस्त्रीवाली म्हणाली, काका, ही कशी लिहायची असते?

आणि एक होता ज्याने घर, वय, पाय काहीच विचारलं नाही. त्याने विचारलं, दुसरं कुत्रं अंगावर आलं तर पळते की उभी राहते?

कुत्र्यांच्या झुंजी लावणारे लोक शहरात होते हे त्यांनी ऐकलं होतं. झुंजीच्या कुत्र्याला दात चालवायला शिकवायचं तर समोर एक म्हातारं, लंगडं, कुणाचंच नसलेलं कुत्रं लागतं, हेही ऐकलं होतं. तो नंबर कागदावर उतरवून ते पोलीसचौकीत गेले. तिथल्या माणसाने विचारलं, गुन्हा घडलाय का? काका म्हणाले, घडायचा आहे. मग घडल्यावर या, तो म्हणाला आणि चहा प्यायला लागला. काकांनी कागद त्याच्या टेबलावर ठेवला, वर त्याचाच पेपरवेट ठेवला आणि सांगितलं की रोज येईन. रोज गेलेही. पाचव्या दिवशी त्या माणसाने नंबर वहीत लिहून घेतला, बहुधा काकांचं तोंड बंद व्हावं म्हणून. काकांना कारणाशी घेणं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी जावई फोन नाचवतच काकांच्या घरी आला. मागे लेक. दोघांचे चेहरे खुललेले. जावयाच्या आधीच्या जाहिरातीवरून एक साहेब तयार झाले होते. मोठा माणूस, मोठी बाग, मुलांनी कुत्रीचं नवं नावसुद्धा ठरवलं म्हणे. जावई वाईट माणूस नव्हता. घाईत होता, आणि ठगाला तेवढं पुरतं.

त्याने फोन मोठ्या आवाजावर टाकला. साहेबांचा आवाज असा की ऐकणाऱ्याचे कान चिकट व्हावेत. बाबा, तुम्ही अजिबात काळजी करू नका. तुमची लेक ती आमची लेक. उद्या सकाळी खास प्राण्यांची गाडी येईल, सगळा खर्च माझा. गाडीवाल्यांच्या नियमाप्रमाणे तुमच्या फोनवर आत्ता एक आकडा येईल, तेवढा वाचून दाखवा, की झालं. घाई एवढ्यासाठीच की गाडी आजच ठरवावी लागते.

जावयाच्या फोनवर टुण्ण वाजलं. त्याने तोंड उघडलं.

काकांनी त्या पडद्यावर आपला तळवा ठेवला. ठेवला म्हणजे झाकणच लावलं.

"साहेब," ते म्हणाले, "तिच्या पायाचं काय करणार?"

"पाय? हो हो. रोज सकाळी पळायला नेणार ना तिला. मुलं तर वाटच बघतायत."

लेकीने वडलांकडे बघितलं. काकांनी घराचा पत्ता विचारला. साहेबांनी झटकन सांगितला, फोटोही पाठवला. काकांनी फोन तोंडाच्या एका बाजूला धरला, कोंबडीसारखी मान वाकडी केली आणि डोळ्याच्या उरलेल्या कडेने फोटो बघितला. गोल गच्ची. निळं फाटक. असल्या फोटोत लोक बाग बघतात, खिडक्या बघतात. काका फाटकाचा पाया बघत होते.

"तुमचा पाण्याचा मीटर कुठे आहे हो?"

मग साहेब हसले. फाटकाजवळ आहे ना, म्हणाले.

"डावीकडे की उजवीकडे?"

"उजवीकडे."

"उजवीकडे गटार आहे," काका म्हणाले. "आणि त्या घराला मीटरच नाही. नऊ वर्षांपूर्वी मालक वारला. पोरं भांडत बसली, बिल कुणी भरेना. जोडणी तोडायला मीच गेलो होतो. मीटर काढून पाइपाला बूच मारलं ते या हाताने. तेव्हापासून त्या घरात घोटभर पाणी गेलेलं नाही. तुझी मुलं आंघोळ कशाने करतात?"

विकाऊ घराच्या जाहिरातीतला फोटो आणि पत्ता उचलला होता हरामखोराने. मग आवाजातला मध संपला आणि तळाशी काय होतं ते वर आलं. काकांच्या आईपासून सुरुवात झाली. जावई फोन बंद करायला धावला, पण काकांनी हात सोडला नाही. सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"हां," ते म्हणाले. "आता खरा बोललास."

फोन पलीकडून कटला. जावई खुर्चीत बसला. तो आकडा वाचला असता तर त्याचं बँकेतलं खातं धुऊन निघालं असतं हे त्याला कळलं होतं. त्याने दोनदा घाम पुसला आणि मग, अगदी हळू आवाजात, खरं तेच विचारलं.

"पण बाबा, मग रविवारचं काय?"

गोड माणूस खोटा निघाला म्हणून कडू माणूस कुठून आणायचा? काका खाली वाकले आणि गळतीच्या दुखऱ्या पायावरून हात फिरवत राहिले.

शनिवारी सकाळी इस्त्रीवाली दुकान न उघडताच जिना चढून काकांच्या घरी आली. नवा निरोप होता. तिने उभ्यानेच वाचला. उजवा पाय म्हणजे पुढचा की मागचा? मुतते ती रोज की कधीतरी? औषध कुठलं चालू आहे? माझ्याकडे म्हातारं मांजर आहे, त्याला तोंड लावलं तर त्याच दिवशी परत आणून टाकीन. फोटो नकोत, फोटोत सगळीच कुत्री चांगली दिसतात. घेऊन या, मला रोपं सोडून येता येत नाही. रडारड करणार असाल तर येऊ नका.

"कसली उद्धट बाई आहे, काका. नमस्कारसुद्धा नाही."

"परत वाच."

तिने परत वाचलं. पुढचा की मागचा. दोन आठवड्यांत हे कुणी विचारलं नव्हतं. काका उठले आणि चपला शोधायला लागले.

लेकीने गाडी काढली. रोपवाटिका गावाबाहेरच्या रस्त्याला होती, तारेच्या कुंपणात, हिरव्या जाळीखाली. रोपवाटिकेवाली पन्नाशीची, कोपरापर्यंत मातीने भरलेली. या म्हणाली नाही, बसा म्हणाली नाही. गळतीचा ओठ उचलून तिने दात बघितले, मागच्या पायाचं हाड चाचपलं, कान उलटून वास घेतला. औषध चुकीच्या वेळी देताय, म्हणाली. लेकीला ते लागलं. गळती तोवर बाईच्या पायावर जाऊन बसली होती.

काका कुंपणाच्या कडेला गेले. सवयच ती, नव्या जागी गेलं की पाय आपोआप मीटरकडे वळायचे. खाली बसून त्यांनी लोखंडी झाकण सरकवलं आणि हात आत घातला. आकडे दिसणार नव्हतेच. बोटांना मीटर लागला, पाइप लागला, आणि मीटरच्या अलीकडेच आणखी एक पाइप लागला जो तिथे असायला नको होता. मीटरला वळसा घालून तो थेट आत गेला होता, त्यावर एक वॉल्व्ह.

तीस वर्षं अशा पाइपांवर त्यांनी नोटिसा चिकटवल्या होत्या. प्रत्येक घरी तेच ऐकलं होतं. आम्हाला माहीतच नाही. आधीच्या मालकाचं आहे. प्लंबरने केलं असेल. एकदा तर एकाने मुलांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती.

ते गुडघ्यावर हात रोवून उठले.

"बाई, बायपास आहे."

लेक म्हणाली, बाबा, आत्ता हे काय काढलंत.

रोपवाटिकेवालीने गळतीच्या कानातून बोट काढलं. "आहे," ती म्हणाली. "दोन वर्षं झाली. मीच बसवलाय. दिवसाआड तासभर पाणी सोडतात तुमचे लोक, मीटरमधून धार येते करंगळीएवढी, आणि हजार रोपं आहेत इथे. ती काय माझ्या मोठ्या जोडणीच्या अर्जाचं उत्तर येईपर्यंत थांबतात? पकडायला आलात की कुत्री द्यायला?"

काका तिच्याकडे बघत राहिले, म्हणजे तिच्या जरा बाजूला, कारण तसंच बघितल्यावर ती दिसत होती. तीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी "आहे" म्हणालं होतं. त्यांना हसू आलं आणि ते त्यांनी दाबलं नाही.

"वॉल्व्ह ठिबकतोय तुमचा," ते म्हणाले. "बदला. चोरलेलं तरी वाया घालवू नका."

आणि त्यांनी झाकण परत जागेवर सरकवलं.

मग बाईने तिचं विचारून घेतलं. का देताय? काकांनी डोळे सांगितले, नातीचा दमा सांगितला. ती अरेरे म्हणाली नाही. कुंड्या भरायच्या टेबलाखाली पोतं अंथरलेलं होतं, ते दाखवलं, टेबलावरचं मांजर दाखवलं. लाड करायला मला वेळ नाही, म्हणाली, मागचं कुत्रं गेलं तेव्हाच ठरवलं होतं की पुन्हा नाही पाळायचं. पण त्या जाहिरातीत लिहिलं होतं की ती पायावर बसते. मागचंही बसायचं. मग एकदम रुक्ष आवाजात सांगितलं की पहिला महिना फिरकू नका, तिला जागा कळू दे. नंतर या. फोन करून या.

"येतो," काका म्हणाले. खाली बसून त्यांनी गळतीच्या मानेचा पट्टा एक भोक सैल केला. एवढंच. उठले आणि न अडखळता फाटकापर्यंत गेले.

फाटकाबाहेर मात्र पाय थांबले. रस्त्याकडे तोंड करूनच त्यांनी विचारलं.

"काय करतेय?"

लेकीने मागे वळून बघितलं. "आपल्याकडे बघतेय."

"उभी की बसलेली?"

"उभी."

एक ट्रक गेला. त्याची धूळ खाली बसली. "आणि ती बाई?"

लेकीने पुन्हा वळून बघितलं. "ती खाली बसलीय, बाबा. मातीतच. तिच्या शेजारी. हात नाही लावत तिला, नुसती बसलीय."

"गिऱ्हाईक नाही का कुणी?"

"आहे. दोन माणसं खोळंबलीत. तिने मानसुद्धा वळवली नाही."

"बरं," काका म्हणाले.

लेकीने डोळे पुसले आणि त्यांना धरायला हात पुढे केला. तो त्यांना दिसला नाही, किंवा दिसूनही त्यांनी घेतला नाही. डावी बोटं कुंपणाच्या तारेवर टेकवून, एकेक खांब ओलांडत, ते स्वतःच गाडीकडे चालायला लागले.