एक्केचाळिसावं वाक्य

सुनीलच्या इंग्रजीच्या क्लासची निमंत्रणपत्रिका हातात पडली. वर त्याचा फोटो, हाताची घडी घातलेला, पाठीमागे लंडनचा पूल. हा माणूस श्रीरामपूरच्या पुढे कधी पुण्याला गेला असेल तर शपथ. खाली छापलं होतं की 'गेट' या एका इंग्रजी क्रियापदाची शंभर वाक्यं असलेलं त्याचं पुस्तक प्रकाशित होणार आहे आणि प्रमुख पाहुणे आहेत गुरुवर्य आमोस सर. म्हणजे माझे पप्पा. त्याने पप्पांची वही ढापली, स्वतःच्या नावावर छापली, आणि आता नारळही पप्पांच्याच हातात देणार होता.

पप्पांनी बेलापूरच्या शाळेत बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. ते मुलांना सांगायचे, 'गेट' हा आपल्या भावकीतल्या एखाद्या उपयोगी माणसासारखा आहे. लग्नात तोच वाढायला, मयतीत तोच खांद्याला, भांडणात तोच मध्ये. मिळणं, आणणं, पोचणं, समजणं, होणं, दुसऱ्याकडून करवून घेणं, सगळीकडे हाच हजर. त्याचे उपयोग ते एका जाड वहीत नंबर घालून लिहायचे आणि प्रत्येकाखाली एक वाक्य. पुस्तकातलं वाक्य उचलायचे नाहीत, घरातलंच घालायचे. तिसऱ्या नंबरला होतं, 'दया गॉट अँग्री'. दया माझी आई. तिला कुणीतरी त्याचा अर्थ सांगितला तेव्हा ती म्हणाली, माझा राग तेवढा लिहून ठेवता, भाकरी कोण लिहिणार? मग तिच्या भाकरीचंही एक वाक्य झालं. माझे गणितातले बावन्न मार्कही त्या वहीत आहेत.

तीन वर्षांपूर्वी सुनील, पप्पांचा जुना विद्यार्थी, घरी आला, पप्पांच्या पाया पडला आणि झेरॉक्स काढतो म्हणून वही घेऊन गेला. परत आणून दिली ती वर्षभराने. कव्हरवर रश्श्याचा डाग होता. तेवढ्यावरून मला माणूस कळायला हवा होता.

पत्रिकेबरोबर पुस्तकाची एक प्रत होती. पप्पांचं नाव शोधलं. पहिल्या पानावर 'ज्यांच्या आशीर्वादाने' अशी एक यादी होती, तिच्यात ते चौथे होते, एका पतसंस्थेच्या चेअरमनच्या खाली. एवढ्यावरही मी गप्प बसले असते. चोरीची आपल्याकडे सवय झालीय. पण मी पान उलटत एक्केचाळीस नंबरपाशी आले.

त्या वाक्याबद्दल सांगायला हवं. मी स्टाफ नर्स आहे. एकवीस सालच्या एप्रिलमध्ये माझी ड्यूटी कोविड वॉर्डात होती, आणि त्याच हॉस्पिटलच्या आवारात माझी आई साडेतीन तास रिक्षात पडून होती. तिचा ऑक्सिजन उतरत होता. मी डॉक्टरांना विनवलं, मेट्रनच्या पाया पडले. माझ्या डोळ्यांदेखत दोन बेड रिकामे झाले आणि दोन्ही कुणाच्या तरी फोनवर भरले गेले. आई रिक्षातच गेली. पप्पा तिच्या उशाशी होते आणि मी आत दुसऱ्यांच्या आयांना सलाईन लावत होते. पप्पा मला कधी एका शब्दाने बोलले नाहीत. दोन महिन्यांनी मी त्यांची वही उघडली. एक्केचाळीस नंबरला जुनं वाक्य खोडून लिहिलं होतं, 'सिल्व्हिया कुड नॉट गेट हर मदर अ बेड.' सिल्व्हियाला, म्हणजे मला, आईसाठी बेड मिळवता आला नाही. पुढे तारीख. मी वही होती तशी ठेवून दिली. मी वाचलंय हे त्यांना माहीत नाही, निदान मला तरी तसं वाटत होतं.

सुनीलच्या पुस्तकात ते वाक्य होतं, 'सिल्व्हिया गॉट हर मदर अ बेड.' शेजारी चित्र काढलं होतं. दोन वेण्या घातलेली मुलगी लाकडी पलंग ओढत आणतेय आणि गुबगुबीत आई टाळ्या वाजवतेय.

मी बेसिनपाशी जाऊन तोंड धुतलं आणि सुनीलला फोन लावला. तो लाजला वगैरे अजिबात नाही. निगेटिव्ह वाक्यं पालकांना चालत नाहीत म्हणून त्याने सगळीच फिरवून घेतली होती. 'कुड नॉट' दिसला की काढायचा, असं त्याने टाईप करणाऱ्या मुलीला सांगितलं होतं. हे वाक्य कुणाचं आहे ते तुला माहीत होतं का, असं मी विचारलं.

"ताई, माहीत हुतं म्हनूनच तर बदललं," तो म्हणाला. "तुमचं नाव चांगलं दिसंल असं केलं."

उपकार केल्याचा आवाज. मी त्याला सांगितलं, पप्पांना मोतीबिंदूमुळे वाचता येत नाही, त्यामुळे त्यांना हे कळणार नाही. पण कार्यक्रमात ते वाक्य कुणी उच्चारलं तर मी तिथेच माईक घेऊन वही कुणाची ते सांगेन. त्याने लगेच शब्द दिला. मुलं चाळीसवरून थेट बेचाळीसवर जातील, म्हणाला. तेवढ्या भरवशावर मी पप्पांना कोट घालून मंगल कार्यालयात नेलं. ते चार दिवस आधीपासून दाढी करत होते. त्यांना नको म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

कार्यालयात अत्तराचा फवारा मारला होता आणि त्याखालून कालच्या लग्नातल्या पंगतीचा वास येत होता. सत्काराला तीच ती शाल, जी घरी गेल्यावर कुणी पांघरत नाही. मग साठ मुलं टाय लावून स्टेजवर आली आणि बोंबलायला लागली. प्रत्येक वाक्याला हातवारे. 'गॉट अप' म्हणताना उठायचं, 'गॉट वेट' म्हणताना अंग झटकायचं. माझ्या घरातली वाक्यं, माझ्या आईचा राग, तिची भाकरी, सगळं कवायतीसारखं चाललं होतं आणि पालक मोबाईल वर धरून हसत होते. पप्पा मान हलवत होते. त्यांना एकेक वाक्य ओळखू येत होतं. त्यांच्याकडे बघवेना आणि स्टेजकडे बघवत नव्हतं.

अडतीस झालं. एकोणचाळीस. चाळीस. सुनीलने माझ्याकडे बघून मान डोलावली आणि मुलं गप्प झाली. मी श्वास सोडला. तेवढ्यात एक सात-आठ वर्षांची मुलगी पुढे आली. तिच्या टायवर नावाची पट्टी होती, ज्ञानेश्वरी. तिने माईक धरला आणि खणखणीत म्हटलं, "सिल्व्हिया गॉट हर मदर अ बेड." मग तळहात गालाखाली घेऊन झोपल्यासारखं केलं. सुनीलने ते समूहातून काढून एकटीला दिलं होतं. तेवढाच त्याचा शब्द.

मी उठलेच. माईककडे निघाले होते, तोंडात येईल ते बोलणार होते. पप्पांनी हात वर केला, वर्गात करायचे तसा. कार्यालय शांत झालं.

"परत म्हन, बाळा," ते म्हणाले. "सावकाश."

ज्ञानेश्वरीने सुनीलकडे पाहिलं आणि परत म्हटलं. सुनील मोबाईल घेऊन पप्पांच्या तोंडासमोर आला. उद्या याची जाहिरात होणार हे मला दिसत होतं आणि त्याच्या हातावर फटका मारावासा वाटत होता. पप्पांचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. त्यांचे ओठ त्या मुलीबरोबर हलत होते. सगळं खोटं होतं, आणि ज्या माणसाने आयुष्यभर मुलांना खरं वाक्य लिहा म्हणून मारलं, तो ते खोटं पुटपुटत होता.

त्यांनी चाचपून माझं मनगट धरलं आणि मला खाली बसवलं.

"वहीतलं वाचलंस तू ते, ठाऊक हाय मला," ते म्हणाले. "लिहायला नको हुतं मी. तुझा काय दोष हुता?"

मला तरीही किळस येत होती. त्या टायची, त्या फवाऱ्याची, सुनीलच्या मोबाईलची, आणि त्या गुळगुळीत खोट्याचीही. पण पप्पांनी पुन्हा हात वर केला आणि ज्ञानेश्वरी तिसऱ्यांदा म्हणायला लागली, तेव्हा मी तिला थांबवलं नाही.